सातवा फ्लास्क

आमच्या लॅबमधल्या बॅक्टेरियांना एकाचे दोन व्हायला सात-आठ तास लागतात. किस्स्यांना मात्र चहा उकळेपर्यंतचा वेळ पुरतो! मी हिंगोलीत कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. कोणी "मॅडम, लॅबमध्ये नवीन काय?" असं विचारलं की मी आधी बसायला खुर्ची देते, कारण उभ्यानं ऐकून होत नाही.

बहुतेक किस्से सुनीताचे. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची पोरगी, माझ्याकडं पीएचडी करते. थंडीत वाढणाऱ्या बॅक्टेरियाकडून जास्त एन्झाइम काढायचं, हा तिचा विषय. हे एन्झाइम तेलाचा डाग गार पाण्यात सोडवतं, पाणी तापवायची गरजच नाही. काम झकास, पण एन्झाइम निघायचं चिमूटभर. मागच्या खेपेला पीएचडीच्या कमिटीनं तोंडावर सांगितलं, "पुढच्या वेळी निदान दुप्पट दाखवा, नाहीतर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे चार वर्षं पाण्यात. मी कमिटीला म्हणलं, "दुप्पट काय, तिप्पट दाखवू!" माझं तोंड हे असं आहे. सुनीतानं टेबलाखालून माझा पाय दाबला, पण तोवर बोलून झालं होतं.

*

सगळे विचारतात, मे महिन्यात नळाचं पाणी हात पोळवतं त्या गावात थंडीचे बॅक्टेरिया आणले कुठून? अहो, शिरड शहापूरकडून! तिथं एक दूध गार करायचं सेंटर आहे. चार डिग्रीच्या टाकीतही काही जीव मजेत वाढतात, म्हणून तर फ्रिजमधलं दूधही कधीतरी नासतं.

सुनीता सॅम्पल घ्यायला गेली तर तिथले मॅनेजर भडकले. "ओ ताई, आमच्या टाकीत किडे हायत म्हणता? काहून बदनामी करून राहिल्या?"

ती घाबरली नाही. खुर्ची ओढून बसली आणि अर्धा तास समजावलं, की हे जीव सगळीकडंच असतात, आणि यांच्याकडून किती मोठं काम होऊ शकतं. शेवटी मॅनेजरसाहेब उठले, स्वतःच्या हातानं झाकण उघडलं आणि म्हणाले, "मंग एक करा. जो बेस निघंल त्याला आमच्या गावाचं नाव द्या!"

दिलं. चौथा बॅक्टेरिया बेस निघाला, म्हणून आमच्या हिरोचं नाव शिरड-चार.

*

गंगाधरमामा आमचे लॅब अटेंडंट, हट्टा गावच्या शेतकरी घरातले. निवृत्तीला आले आहेत. दुपारी डबा खायला बसलो की मामा आधी उठतात, पिशवीतून घरच्या करडीच्या तेलाची बाटली काढतात आणि सगळ्यांच्या चटणीवर स्वतः धार सोडत फिरतात. कोणी डाएटचं नाव काढलं की म्हणतात, "डाएट घरी करा." स्वतःच्या चटणीवर सगळ्यात शेवटी.

तर हे मामा. एका सोमवारी मी गार खोलीत गेले. तिथं पंधरा डिग्रीत आमचे फ्लास्क एका मशीनवर हलत असतात. बघते तर मशीनवर गोधडी! चांगली चार पदरी, कडेला लाल काठ.

मी ओरडले, "मामा, हे काय?"

"मॅडम, शनवारपासून लेकरं निस्ती थरथर कापून राहिलीत. मला बघवंना."

"अहो, मशीन हलवतंय त्यांना!"

"तेच म्हणतो मी. थंडीत ठिवायचं अन् वरून हलवायचं बी?"

गोधडीत फ्लास्क तापून आठवड्याचं काम वाया गेलं होतं. मी चिडले, खूप चिडले. म्हणलं, "यापुढं मला विचारल्याशिवाय फ्लास्कांना काहीही करायचं नाही!" मामांनी निमूट गोधडीची घडी घातली. त्या दिवशी ते माझ्याशी चार वाजेपर्यंत बोलले नाहीत, आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटलं.

*

सुनीताचे वडील, आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो, एकदा कामासाठी हिंगोलीला आले आणि लॅबमध्ये डोकावले. अंगावरच्या सदऱ्यावर कालवणाचा मोठा डाग. "पोरी, चार वर्षं झाली, काय करून राहिली ते दाव तरी."

सुनीतानं सदरा मागून घेतला, गार पाण्यात शिरड-चारचा रस टाकला आणि तासभर भिजवला. बापू बनियनवर स्टुलावर बसून माझ्याशी सोयाबीनवर बोलत होते. सदरा बाहेर निघाला तेव्हा डाग गायब! बापूंनी तो उजेडात धरला, उलटा करून बघितला, वास घेतला. डोळे भरले होते.

पुढच्या बुधवारी बापू परत हजर. पाठीवर हे मोठं गाठोडं! सगळ्या तांड्याचे कपडे.

सुनीता म्हणाली, "बापू! ही लॅब हाय, लॉन्ड्री न्हाई!"

बापू गाठोडं खाली ठेवत म्हणाले, "व्हय की. म्हणून तर इस्त्री नको म्हणलं."

*

ऐन मेमध्ये, भर दुपारी, लाइट गेली आणि जनरेटरही बसला. गार खोली तापायला लागली. शिरड-चार गेला तर सगळंच गेलं! सुनीतानं ट्यूबा थर्माकोलच्या डब्यात भरल्या, मी स्कूटीला किक मारली आणि आम्ही थेट बाजारातल्या आइस्क्रीमच्या दुकानात. तिथं स्वतःचा जनरेटर. मालक भला माणूस, त्यानं एक शब्द न विचारता फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून दिला.

संध्याकाळी घ्यायला गेलो तर म्हणाला, "मॅडम, एक गिऱ्हाईक पूछ रहा था, ये नया फ्लेवर कौनसा है. मैंने बोला, अभी टेस्टिंग में है."

*

आता सातव्या फ्लास्कचं सांगते.

शिरड-चारला एन्झाइम सोडायला लावायचं तर खाऊमध्ये थोडं तेल लागतं. तेल समोर दिसलं की ते पचवायला तो एन्झाइम काढतो. सगळे ऑलिव्ह ऑइल वापरतात, म्हणून आम्हीही तेच. खाऊ बनवायचा, मापानं तेल टाकायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, उकडून द्यायचं, हे काम मामांचं. सुनीतानं सात फ्लास्क मागितले. प्रत्येकात आंबटपणा थोडा वेगळा, बाकी सगळं सारखं.

चार दिवसांनी तिनं मोजलं. सहा फ्लास्क नेहमीसारखे रडके. सातवा तिप्पट! पोरगी धावत वर्गात आली, शिकवणं चालू असताना. मी वर्ग सोडून दिला.

मग सुरू झाली परीक्षा. सातव्याचा आंबटपणा बराबर तोच ठेवून पुन्हा केलं, काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, काही नाही. पाणी बदललं, बाटल्या बदलल्या. सुनीता सारखी विचारायची, "मामा, सातव्यात काही गडबड झाली होती का हो?" मामा मान हलवून झाडू घ्यायचे आणि झाडलेलंच परत झाडायचे.

कमिटीला दोन आठवडे राहिले. मी म्हणलं, "एकदा आला ना आकडा? तोच दाखवू."

सुनीतानं वही मिटली. "न्हाई मॅडम. जे मला परत करून दावता येत न्हाई, ते मी कमिटीपुढं नेणार न्हाई. विषय गेला तर जाऊ द्या." आणि ती टेबल आवरायला लागली. एकेक ट्यूब पुसून ठेवत होती आणि रडत होती.

मामा दारात उभे होते. ते आत आले, पिशवीतून करडीच्या तेलाची बाटली काढली आणि तिच्या समोर ठेवली.

"पोरी, सातव्यात हे होतं. बाटलीतलं तेल सहालाच सरलं. कपाटाला कुलूप, मॅडम सुट्टीवर. मागं गोधडीवरून बोलणी खाल्ली होती, म्हणून सांगायची हिंमत झाली न्हाई. तुजं नुकसान केलं मी."

सुनीतानं बाटली उचलली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचली.

सातही फ्लास्कांत करडी. तिप्पट! परत केलं. तिप्पट! तिसऱ्यांदा मी स्वतः मोजलं, तिप्पटच.

*

कमिटीचा दिवस. बाहेरून आलेले सर मोठे कडक, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी तिन्ही वेळचे आकडे तपासले, एकेक ओळ. मग मान वर केली. "रिझल्ट उत्तम आहे. पण जगभर ऑलिव्ह ऑइल वापरतात. करडई घ्यावी हे तुम्हाला कसं सुचलं? काही तर्क असेल ना?"

सुनीता म्हणाली, "सर, मला न्हाई सुचलं. आमच्या मामांनी टाकलं." आणि जे झालं ते सगळं सांगितलं, कुलुपासकट.

सरांनी पेन खाली ठेवलं. मामांना बोलावलं. मामा दारातच हात जोडून उभे राहिले, घामानं डबडबलेले. त्यांना वाटलं, आता नोकरी जाते.

सर म्हणाले, "मामा, घाबरू नका. मला एवढंच सांगा, तेल संपलं होतं, तर सातवा फ्लास्क तसाच बिनतेलाचा का नाही ठेवला? करडीचं तेल टाकताना तुमच्या मनात काय होतं?"

मामांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग सुनीताकडं.

"साहेब, सहाला वाढलं. मंग सातव्याला कोरडं बसवायचं व्हय?"