मामांची मळी

लग्न होऊन नदीकाठच्या या गावात आले तेव्हा मळी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. माझं माहेर गडहिंग्लजचं, वडील मास्तर. शेतीशी आमचा संबंध भाजी आणण्यापुरता. इथं पंचगंगेच्या अगदी काठाला सासऱ्यांनी दीड एकराची पट्टी नुसत्या गवतासाठी राखली होती. दर पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. पूर ओसरताना गाळ टाकून जायचा आणि त्या गाळावर दोन म्हशींना पुरून उरेल एवढी वैरण उगवायची. अशा जमिनीला आमच्याकडं मळी म्हणतात. आणि सासऱ्यांना मामा.

मामा कमी बोलायचे. माझ्याशी तर पहिली चार वर्षं चहा-जेवणापलीकडं बोलणंच झालं नाही. रागीट नव्हते ते. कोल्हापुरात ऑफिसला जाणाऱ्या सुनेशी काय बोलायचं, हे त्यांना सुचत नसावं. म्हशींशी मात्र तासभर बोलत बसायचे.

लगतची पट्टी भावकीतल्या एका चुलत सासऱ्यांची. त्यांनी भोवतीनं मुरमाचा बांध घालून ऊस लावायचं ठरवलं आणि दोन्ही पट्ट्यांना मिळून एकच बांध घालू, असं सुचवलं. माझ्या नवऱ्याला ते पटलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी आलं न्हाय तर ती मळी कसली?" ते म्हणाले. "आन् बांधावरनं आलंच, तर त्यो आत धरून बसंल की."

नवरा दोन दिवस घुम्यासारखा वागला. बांध शेवटी शेजारच्यांच्याच पट्टीला पडला.

त्याच पावसाळ्यात पाणी गावात शिरलं. रस्ते बंद व्हायच्या आत म्हशी टेम्पोतून बिद्रीकडं नणंदेच्या घरी धाडल्या आणि आम्ही शहरात माझ्या मावशीच्या फ्लॅटवर गेलो. तिसऱ्या मजल्यावर मामांचा जीव घुसमटायचा. रोज सकाळी मी त्यांना स्कूटरवरून पोलिसांनी रस्ता अडवला होता तिथवर न्यायची. तिथं उभे राहून ते समोरच्या लाल पाण्यात आमच्या बाभळीचा शेंडा शोधायचे. त्या फेऱ्यांतच ते माझ्याशी बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी सगळा काठच गवताचा होता म्हणाले. दिवाळीनंतर अख्ख्या गावाची जनावरं तिथं चरायची. मग ऊस आला. उसाला पाणी पाजा, खत घाला. गवताला नदीच सगळं करते, असं त्यांचं म्हणणं. एकदा म्हशीची शेपूट धरून ते पलीकडच्या काठाला गेले होते, हेही सांगितलं. हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही मळी बघायला गेलो. गवत कुठंच नव्हतं. काळपट चिखल, कुजका वास, बाभळीला अडकलेली प्लॅस्टिकची पोती आणि मधोमध कुणाच्या तरी फ्रीजचं दार. मला रडू आलं. मामा खाली बसले, चिखलात बोट खुपसलं आणि ते वर करून मला दाखवलं.

"दोन पेरं," ते म्हणाले. "झ्याक गाळ आलाय."

नंतरचे कितीतरी रविवार आम्ही दोघं काचा आणि प्लॅस्टिक वेचत होतो. म्हशीच्या पोटात एक पिशवी गेली तरी जनावर हातचं जातं, म्हणून मामा नखाएवढा तुकडाही सोडायचे नाहीत. गाळाला भेगा पडल्या आणि एका सकाळी त्या भेगांतून हिरवे कोंब दिसले. मी नीट बघायला पुढं झाले, तर मामांनी मला चप्पल काढायला लावली.

शेजारी मात्र बांधाच्या आत पाणी तुंबून राहिलं होतं. नदी पात्रात गेली तरी ते हललं नाही. ऊस शेंड्यापासून कुजला. त्यांच्या म्हशीला वैरण नव्हती, आणि ते आमच्या दारात यायला तयार नव्हते. पहिली कापणी झाली त्या दिवशी मामांनी दोन भारे माझ्या स्कूटरवर बांधले आणि मला ती चालवायला लावून शेजाऱ्यांच्या गोठ्यात स्वतः नेऊन टाकले. चुलत सासरे दारात खाली मान घालून उभे होते.

"म्हस आटंल तुझी," मामा त्यांना म्हणाले. "गवात लागंल तसं कापून न्हेत जा."

दुसऱ्या दिवशी ते विळा घेऊन मळीत आले आणि मामांच्या शेजारी बसून कापायला लागले. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी आपला बांध दोन ठिकाणी फोडला. ऊस अजून लावतात, पण पाण्याला जायला वाट आहे.

आता मामांचे गुडघे धरतात, म्हणून रविवारी गवत मी कापते. मी बांधलेला पहिला भारा भर रस्त्यात, एसटीच्या थांब्यापुढं सुटला. लोक बघत होते. मामा मागून काठी टेकत आले आणि इतके हसले की त्यांना तिथंच थांबावं लागलं.

"हापिसातल्या फायली पण अशाच बांधतीस काय गं?" ते म्हणाले, आणि मांडी मोडत नसतानाही रस्त्यावर बसून मला गाठ शिकवायला लागले.