टँकरवरचा हात

तहसीलच्या टंचाई शाखेतले आम्ही जुने चौघं कुठं लग्नात भेटलो, की वाघमारे साहेबांचे किस्से निघतातच. एकानं एक सांगितला, की दुसऱ्याला दोन आठवतात. वाढपी हाका मारून थकतो, आम्ही काही पंगतीला उठत नाही!

लातूर जिल्हा नवा-नवा झालेला, त्यात दुष्काळ. ऑफिसात खुर्च्या कमी अन् दारात घागरी जास्त. अशात काळा चष्मा, पांढरी काठी घेतलेला एक माणूस माझ्या टेबलाशी आला. मी खेकसलो, "बाबा, दाखल्याचं नंतर बघू! नवे नायब तहसीलदार येऊन राहिलेत, लई गडबड हाय."

"हाव, आले ते. खुर्ची कुठंय?"

माझी पाचावर धारण बसली!

साहेब नायगावकडचे. नोकरीत असतानाच नजर गेलेली. घरी म्हातारी आई, शिकणाऱ्या दोन पोरी. वरच्या साहेबांनी तोंडावर सांगितलेलं, "महिनाभर बघतो. एक तक्रार आली, की अनफिट शेरा मारून घरी!" आमच्यातलेच काही जण त्या तक्रारीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

* * *

फायली मी वाचून दाखवायचो. एकदा कंटाळून एक अर्ज गाळला.

"पान दोनदा उलटलंस, वाचलंस एकच," साहेब म्हणाले. "मागं जा."

तो अर्ज एका पायानं अधू असलेल्या गयाबाईचा होता. दुष्काळी कामावर खडी फोडायला मुकादम तिला घेईना.

* * *

दुसऱ्या दिवशी साहेब थेट खडीवर. मुकादम म्हणाला, "साहेब, तिला पाय न्हाई. काय काम देऊ?"

"मला डोळे न्हाईत. माझ्या सहीवर तुझी हजेरी चालते ना? पाणी पाजायला बसव तिला."

गयाबाई त्याच दिवशी रांजणापाशी बसली.

* * *

अन् महिना संपता संपता तीच गयाबाई आमच्या मुळावर उठली! "टँकर अर्धाच येतो," म्हणून तिनं वरच्या साहेबांकडं तक्रार दिली. मी कपाळ बडवलं. रोज टँकरवर चढून, झाकण उघडून 'काठोकाठ भरलेला' असं मीच लिहून देत होतो. खाली सही वाघमारे साहेबांची!

मी गयाबाईला शिव्या घालायला लागलो, तर साहेब म्हणाले, "तिला बोलू नको. तक्रार कर म्हणून मीच सांगितलं. त्याबिगर वरचे साहेब टँकर बघायला यायचे न्हाईत."

"साहेब, नोकरी जाईल तुमची!"

"गावाला पाणी मिळून राहिलं न्हाई, त्याचं काय?"

मला रात्रभर झोप नाही.

* * *

वरचे साहेब आले ते अनफिटचा कागद टाईप करूनच. भर दुपारी दोन टँकर उभे. पहिल्यावर ते स्वतः चढले, झाकण उघडलं. "काठोकाठ आहे, वाघमारे! तुम्हाला काय दिसणार म्हणा."

वाघमारे साहेब टाकीच्या अंगावरून खालून वर तळवा फिरवत होते. मध्यावर हात थांबला.

"इथवर गार हाय. वर चटका बसतोय. तोटी सोडा."

ड्रायव्हर चुळबुळला. तोटी सोडली, रांग सरकली. निम्म्या घागरी भरल्या अन् धार तुटली! गयाबाईची घागर रिकामीच.

"वर काय दिसतंय, साहेब?" वाघमारे साहेबांनी खालून विचारलं.

"अहो, अजून काठोकाठ!" वरचे साहेब ओरडले. मग त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. झाकणाखाली एक पिंप वेल्ड केलेलं होतं. भरलेलं होतं ते तेवढंच!

वरचे साहेब खाली उतरले. कागद खिशातच राहिला. ते दुसऱ्या टँकरपाशी गेले, ओली बाही वर सारली अन् हळूच म्हणाले,

"वाघमारे, हात कुठं लावायचा?"