वाय, झेड आणि मामांची दुरुस्ती

एकच बिघाड दोन हुशार माणसांनी एकमेकांना न विचारता दुरुस्त केला, की तो जसाच्या तसा राहतो. हे ज्ञान मला नेकनूरला घरबसल्या मिळालं, आणि त्यापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

नोकरी नवी होती. पुण्याच्या एका कंपनीने महिनाभर काम बघून मग मला कायम करायचं ठरवलं होतं. काम असं, की आमच्या बैठकीतल्या कॉम्प्युटरवरून जर्मनीतल्या एका ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि तिथे यंत्रांच्या सुट्या भागांचे नंबर भरायचे. म्हणजे बोटं इथे चालायची आणि अक्षरं जर्मनीत उमटायची! सुनेला घरात बसून पगार कोण देतंय, अशी शंका आमच्या भावकीत सगळ्यांनी काढली होती. एकटे माझे सासरे, म्हणजे मामा, माझ्या बाजूने उभे राहिले. जयश्रीची जबाबदारी माझी, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. मामांचं विहिरीच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. जळालेल्या मोटारीला ते कधी 'होत न्हाई' म्हणत नाहीत, त्यामुळे भावकीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. माझ्यामुळे तो शब्द खाली पडला तर, या धास्तीने मला पगाराचा आनंदसुद्धा नीट होत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात सोमवारी मी वाय दाबला आणि झेड उमटला. झेड दाबला तर वाय. सुट्या भागांच्या नंबरांमध्ये या दोन अक्षरांची नुसती गर्दी असते. (एरवी झेडला कोण विचारतं?) माझ्या लक्षात येईपर्यंत अर्धा दिवस गेला होता, आणि तिकडे कुणीतरी पंपाच्या झाकणाऐवजी बिजागऱ्या मागवून बसलं होतं. कंपनीच्या साहेबांचा निरोप आला, की काम असंच राहिलं तर विचार करावा लागेल.

मी पुण्याला शिंदे मॅडमना फोन केला. या कंपनीच्या सपोर्टवाल्या, आवाज इतका शांत की आपलीच चूक असेल असं वाटावं. त्यांनी समजावून सांगितलं, की जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी असतात. माझा कीबोर्ड साधा आहे, पण तिकडचा कॉम्प्युटर कालच्या अपडेटनंतर त्याला जर्मन समजून बसलाय. मी काम संपवून बाहेर पडले, की त्या सेटिंग बदलून ठेवणार होत्या.

जेवताना मी हे घरात सांगितलं. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं, ते मी ठेच्यावर ढकललं. मामांचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"वाय म्हंजी कोणचं?"

मी ताटाशेजारी बोटाने काढून दाखवलं. मग त्यांनी झेड विचारला, तोही काढला. मामांनी त्या दोन्ही अक्षरांकडे जळक्या मोटारीकडे बघतात तसं बघितलं आणि भाकरी पुन्हा मोडायला घेतली.

मंगळवारी सकाळी मोठ्या उमेदीने वाय दाबला. झेड! मॅडम म्हणाल्या, मी तर बदललंय. मी म्हणाले, मी तर वायच दाबतेय. शेवटी त्यांनी संध्याकाळी सेटिंग परत जर्मन करून बघायचं ठरवलं. मी घरात सांगितलं, अजून उलटंच येतंय. बुधवारी पुन्हा झेड. मॅडमनी पुन्हा साधं केलं. गुरुवारी पुन्हा झेड, पुन्हा जर्मन! आता त्या मला लहान मुलीला विचारावं तसं विचारायला लागल्या, की वाय कसा दिसतो ते सांगता का. मी सांगितला, दोन हात वर केलेला. (माझे तेव्हा तसेच होते.) मुद्दाम उलटं दाबायची सवय लावून बघितली, तर दहा मिनिटांत मला दोन्ही अक्षरं एकसारखी दिसायला लागली. बीडला जाऊन डोळे तपासून घ्यावेत इथपर्यंत मी आले होते.

शुक्रवारी अकरा वाजता साहेबांनी व्हिडिओ कॉल ठेवला. माझं काय करायचं ते त्यात ठरणार होतं. पडद्यावर साहेब आणि शिंदे मॅडम, इकडे इस्त्रीची साडी नेसून मी. मॅडम म्हणाल्या, आमच्यासमोर वाय दाबा. मी देवाचं नाव घेऊन दाबला. झेड आला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात मामा आत आले. खिशातला टेस्टर काढला, माझ्याशेजारी उकिडवे बसले, "थांब माय, आजून उलटंच येतंय व्हय," असं म्हणत त्यांनी टेस्टरच्या टोकाने वायचं बटण टक्कन उचकटलं, मग झेडचं, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी दाबून बसवली. सगळं इतक्या सफाईने, की हे त्यांचं पहिल्यांदाचं काम नाही हे पुण्यातसुद्धा कळलं.

शिंदे मॅडमनी अगदी हळू विचारलं, "काका, हे तुम्ही कधीपासून करताय?"

"मंगळवारपासून. रोज सकाळी, ही उठायच्या आत." मामांनी टेस्टर खिशात अडकवला आणि ते थेट साहेबांकडे वळले. "साहेब, लेकराची चूक न्हाई. ती म्हन्ली उलटं येतंय, म्हून मी बटनं बदलली. दुसऱ्या दिशी म्हन्ली आजून उलटंच, म्हून परत बदलली. लई मनाला लावून घेतलं होतं तिनं. जेवत न्हवती. काडायचं तर मला काडा, मी बसवलीत बटनं."

मॅडम संध्याकाळी बदलत होत्या, मामा सकाळी बदलत होते, आणि मधे मी रडत होते. मी मामांना विचारलं, मला सांगितलं का नाही?

"सांगायचं काय त्यात? गिऱ्हाइकाला मोटार चालू करून द्यायची असती, माय. कशी भरली ते सांगत बसत न्हाईत."

माझ्या वडिलांनंतर माझ्यासाठी असं कुणी पहाटे उठून बसलं नव्हतं. मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि साहेबांनी डोळे पुसून चष्मा पुन्हा लावला.

"कायम करतोय तुम्हाला," ते म्हणाले. "काका, बटणांना आता हात लावू नका. आणि जयश्रीताई, एक विचारू? तुमच्या अर्जात लिहिलंय, की तुम्ही कीबोर्डकडे न बघता टाइप करता. न बघणाऱ्याला बटणं इकडची तिकडे झाली तर काय फरक पडतो? त्याचं काम तर मंगळवारीच सुरळीत व्हायला हवं होतं."

पुण्यातून दोघं माझ्याकडे बघायला लागले. शेजारून मामाही बघायला लागले. आणि मी खाली मान घालून कीबोर्डकडे बघत बसले.