सायलीचं पान आणि माझी डबी

माझ्या मुलीनं तीन वर्षं खपून सॅलडचं एक पान तयार केलं आणि मी ते चार मिनिटांत वाया घालवलं. खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण ती इथेच आटोपली, तर माझ्या अनुभवाचा तुम्हाला फायदा कसा मिळणार?

अनुभव तीन देशांतला आहे. पाच वर्षं ब्रिटन, चार वर्षं अमेरिका आणि गेली चौदा वर्षं नेदरलँड्समधलं हार्लेम. (चौदा वर्षांत रामाचा वनवास संपला, माझं डच अजून पाव विकत घेण्यापलीकडे गेलेलं नाही.) कंपनीनं मला सगळीकडे पाठवलं ते कॉम्प्युटरच्या कामासाठी, पण मी जीव ओतून अभ्यास केला तो तिथल्या हॉटेलांतल्या जेवणाचा. शाकाहारी माणसाला परदेशात सॅलडचा तज्ज्ञ व्हावंच लागतं. दुसरं काही समोर येतच नाही!

ब्रिटनमध्ये सॅलड शोभेला असतं. बटाट्याच्या डोंगराशेजारी काकडीच्या दोन चकत्या, टोमॅटोची एक फोड आणि एक मलूल पान. ते कुणी खात नाही. पहिल्याच महिन्यात मी ते खाल्लं, तेव्हा ऑफिसातले लोक असे बघायला लागले, जणू मी टेबलावरची फुलदाणी खाल्ली. अमेरिकेत उलटं. तिथे सॅलड आधी येतं, आणि येतं ते बाळाला आंघोळ घालता येईल एवढ्या वाडग्यातून. मग वेटर एका दमात अकरा ड्रेसिंगांची नावं म्हणतो. मी घाबरून दर वेळी शेवटचं नाव सांगायचो. चार वर्षं मी फक्त शेवटचं ड्रेसिंग खाल्लं. पहिली दहा कशी लागतात, ते मला आजही ठाऊक नाही.

यावरून मी एक सिद्धांत काढला होता. जेवणाबरोबर आलेलं सॅलड शोभेचं, जेवणाआधी आलेलं सॅलड वेळ काढायचं. दोन्हीकडे गंभीरपणे घ्यावं असं काही नसतं. हा सिद्धांत मी पाहुण्यांना ऐकवला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ऐकवला, एकदा तर दात काढताना डेंटिस्टला ऐकवला.

"तो बिचारा उठून जाऊ शकत नव्हता," वैशाली म्हणते. वैशाली माझी बायको. तीही उठून जाऊ शकत नाही.

सिद्धांताबरोबर एक डबीही होती. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. त्यात दाण्याचं कूट, मीठ, साखर आणि जिऱ्याची पूड. ब्रिटनपासून ती माझ्या कोटाच्या खिशात असते. पचपचीत पानं समोर आली, की वर लिंबू पिळायचं, डबी उपडी करायची, झाली कोशिंबीर! आणि मग नेहमीचं वाक्य, "इथल्या पानांना चवच नाही. पाणी चावल्यासारखं वाटतं. आमची मेथी बघा, कडू असते, पण तिला काही म्हणणं असतं!"

हे वाक्य ऐकत ऐकत आमची एकुलती एक सायली मोठी झाली. आणि वाखनिंगनच्या विद्यापीठात सॅलडच्या पानांवर संशोधन करायला लागली. हा योगायोग आहे असं मी समजत होतो.

तिचं काम तीन वर्षं चाललं. रविवारी फोन केला की ती काचघरात असायची. "बाबा, मी रोपांजवळ आहे, नंतर बोलू." दिवाळीला ती एका रात्रीसाठी घरी आली आणि सकाळी रोपांना पाणी घालायला परत गेली. मग एक दिवस स्वतःहून तिचा फोन आला.

"बाबा, पुढच्या शनिवारी टेस्टिंग आहे. इथल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये. माझं पान सगळ्यांनी नुसतं खायचं आणि कार्डवर मत लिहायचं. तू आणि आई या. आणि बाबा, वन रिक्वेस्ट."

"बोल."

"कंपेअर करू नकोस. ब्रिटन नाही, अमेरिका नाही. जस्ट ईट द लीफ. मला तुझं ओपिनियन पाहिजे. खरंखरं."

"अगं, कंपेअर न करता ओपिनियन कसं देणार?"

"बाबा!"

"बरं, बरं. वचन."

(वचन मी पाळलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण किती प्रकारे पाळलं नाही, ते अजून यायचंय.)

शनिवारी आम्ही निघालो. गाडी, मग दुसरी गाडी, मग बस. टेस्टिंग साडेपाचला, म्हणजे आपल्याकडे चहाचं आधण ठेवायच्या वेळेला इथे रात्रीचं जेवण! रेस्टॉरंटमध्ये सहा टेबलं होती. सायली दारातच भेटली, पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले, बारावीच्या परीक्षेला निघाल्यासारखा चेहरा.

"पहिल्यांदा मी आत कटिंग करणार, मग बाहेर येते. ओके? बाबा, भूक ठेव."

आम्हाला चौथं टेबल मिळालं. समोर एक डच जोडपं बसलं होतं, दोघं मिळून साडेबारा फूट. मध्ये पाण्याचा जग, त्यात लिंबाच्या चकत्या. इतक्यात सायलीचे गाईड हेंक पुढे उभे राहिले आणि डचमध्ये बोलायला लागले. आणि त्याच वेळी आमच्या टेबलावर एक पांढरी बशी आली. बशीत आठ-दहा हिरवी पानं. ना तेल, ना मीठ, ना काकडी. बशीखाली चौघांसाठी चार कार्डं, डच आणि इंग्रजी दोन्हींत.

माझ्या डोक्यात सिद्धांत खटकन जागेवर बसला. जेवणाआधी आलंय, म्हणजे अमेरिकन पद्धत, म्हणजे वेळ काढायचं सॅलड! सायलीचं पान काय असं येईल? तीन वर्षांचं पान! ते मागाहून येणार, थाटात, झाकणाखालून, टाळ्यांच्या गजरात.

"अहो, थांबा ना," वैशाली माझी बाही ओढत म्हणाली, "ते हेंकसर काय सांगतायत ते ऐकू द्या."

"भाषण आहे गं. भाषणं सगळ्या देशांत सारखीच असतात."

"ते पानांबद्दल काहीतरी..."

"पानांबद्दलच बोलणार ना, इथे काय सोन्याबद्दल बोलतील?"

हेंकसर त्या क्षणी, हे मला नंतर कळलं, असं सांगत होते की कृपया या पानांवर काहीही घालू नका. मी त्या क्षणी पाण्याच्या जगमधून लिंबाची चकती काढत होतो.

डबी निघाली. लिंबू पिळलं, कूट पसरलं, काट्यानं वरखाली केलं. समोरचं जोडपं श्वास रोखून बघत होतं. त्यांना बहुधा वाटलं, भारतातून खास माणूस मागवलाय. बाईंनी आपली ताटली पुढे केली. मी वाढलं. त्यांनी खाल्लं. डोळे मोठे झाले.

"लेकर!" बाई म्हणाल्या. म्हणजे फक्कड. डचमधला हा शब्द मला येतो, कारण तो खाण्याबद्दलचा आहे.

आणि मग मला चेव आला! जोडप्याला मी इंग्रजीत सांगायला लागलो. ब्रिटनमधली फुलदाणी झाली, अमेरिकेतला आंघोळीचा वाडगा झाला, अकरा ड्रेसिंगं झाली. ते हसत होते. पाचव्या टेबलावरचा एक दाढीवाला खुर्ची वळवून ऐकायला लागला. त्यानं विचारलं, त्या डबीत काय आहे? मी म्हटलं, आणा तुमची बशी! डबी त्या दिवशी द्रौपदीच्या थाळीसारखी संपेचना. वाकून पाचव्या टेबलाच्या बशीवर कूट पेरताना मला अगदी मनापासून वाटलं, की परदेशात भारताची मान आज माझ्यामुळे उंच झाली.

वैशालीनं डोळे मिटून घेतले होते. लग्नाच्या फोटोतही तिचे डोळे असेच मिटलेले आहेत.

मग कार्ड. अमेरिकेत जेवणानंतर असं कार्ड देतात, सेवा कशी होती वगैरे. मी उदार मनानं भरून टाकलं. कुरकुरीतपणा, पाचपैकी चार गोल काळे केले. गोडवा, पाच. 'कडूपणा' असाही एक रकाना होता. म्हटलं, हॉटेलवाल्याची नाचक्की कशाला करा? मी त्यापुढे ठळक अक्षरात लिहिलं, 'अजिबात नाही!'

सायली बाहेर आली. हात पुसत, थेट आमच्या टेबलाकडे. बाकीच्या पाच टेबलांकडे तिनं पाहिलंही नाही.

"बाबा? कसं लागलं?"

"काय कसं लागलं?"

"पान."

"अगं, अजून आलं कुठे? आम्ही वाटच बघतोय. हे आपलं साधं सॅलड आलं होतं, ते संपवलं."

ती बशीकडे बघत राहिली. बशीत कुटाचा एक तपकिरी ओघळ होता आणि लिंबाची बी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तेच होतं."

मी हसलो. माणूस कधीकधी हसतो, कारण तोंडाला दुसरं काही सुचत नाही. मग तिला कुटाचा वास आला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"इज दॅट पीनट? बाबा, तू पीनट घातलंस? कुणाकुणाला दिलंस?"

मी बोटानं पाचवं टेबल दाखवलं. सायली धावली. डचमध्ये भराभर विचारायला लागली, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? ही शक्यता माझ्या डोक्याला शिवली नव्हती. आमच्या घराण्यात शेंगदाण्याची ॲलर्जी म्हणजे हवेची ॲलर्जी! एकेक जण मान हलवत होता, नाही, नाही, आणि प्रत्येक 'नाही'बरोबर माझं वय एक वर्षानं वाढत होतं. सुदैवानं कुणालाच नव्हती. दाढीवाला म्हणाला, अजून आहे का?

हेंकसर आले. साडेसहा फूट उंचीवरून त्यांनी दोन्ही टेबलांची कार्डं गोळा केली आणि वाचली. समोरच्या बाईंनी 'चव' या रकान्यात लिहिलं होतं, 'शेंगदाण्याची सुरेख छटा.' दाढीवाल्यानं लिहिलं होतं, 'जिरं???' सगळ्यात शेवटी त्यांनी माझं कार्ड वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. डच माणूस मनातलं तोंडावर सांगतो, मध्ये आडपडदा नसतो.

"ही दोन टेबलं बाद," ते इंग्रजीत म्हणाले. "पण सॅलड उत्तम होतं असं ऐकतो."

मी म्हटलं, "सायली, आत एखादं पान उरलं असेल तर..."

"नाही बाबा. मोजून कापली होती. इट्स ओके."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती पाय आपटायची, दार आपटायची, मग मी चॉकलेट घेऊन जायचो. 'इट्स ओके'पुढे कुठलं चॉकलेट नेणार? ती वळली आणि पहिल्या टेबलाकडे गेली. तिथले लोक पान नुसतं चावत होते, तोंड किंचित वाकडं करत होते आणि मग मान डोलावत होते. मी लांबून बघत होतो. पाणी चावताना माणसाचं तोंड असं होत नाही.

परतीच्या बसमध्ये वैशाली खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुम्हाला माहितीये, तिचं संशोधन नक्की कशावर आहे?"

"सॅलडवर."

"कडूपणावर. इथे लोक पानांतला कडूपणा काढून टाकतात. तिनं तो परत आणला. मेथीसारखा, थोडा. हेंकसर पहिल्या वर्षी नको म्हणाले होते. ती म्हणाली, माझ्या घरी एक माणूस आहे, तो वीस वर्षं म्हणतोय की इथली पानं म्हणजे पाणी. त्याला एकदा खायला घालायचंय."

खिशातली रिकामी डबी उगाच उघडली आणि बंद केली. माझ्या कार्डावर, कडूपणापुढे, माझ्याच हस्ताक्षरात 'अजिबात नाही!' होतं. उद्गारचिन्हासकट.

पुढचे दोन रविवार मी फोन केला नाही. म्हणजे करायचो आणि रिंग वाजायच्या आत बंद करायचो. तिसऱ्या रविवारी धीर करून लावला.

"सायली, एखादं रोप... काचघरात... चुकून एखादं..."

"नाही रे बाबा. ट्रायल संपली. काचघर रिकामं केलं. राहिलेली पानं ड्राय केली, मग ग्राइंड केली, आता छोट्या ट्यूब्जमध्ये आहेत, ॲनालिसिससाठी."

"वाळवून, दळून, डब्यांत भरली?"

"हो."

"म्हणजे शेवटी कूट तूही केलंसच."

मला वाटलं, संपलं, आता ही मुलगी मला वृद्धाश्रमातच भेटायला येणार. मग फोनमधून एक फुर्र असा आवाज आला. ती हसत होती. हसता हसता नाक ओढत होती, तेव्हा नक्की काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. मीही नाक ओढत होतो.

गेल्या महिन्यात तिचा प्रबंध छापून आला. देखणं पुस्तक झालंय, मुखपृष्ठावर हिरवं पान. आभाराच्या पानावर हेंकसर आहेत, आई आहे, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ मराठीत आहे, "बाबांसाठी, ज्यांचं मत या अभ्यासात धरलेलं नाही." ते मी फ्रेम करून भिंतीवर लावलंय.

घरी येणारे लोक फ्रेम वाचतात आणि हमखास विचारतात, "पण मग ते पान लागत कसं होतं हो?"

ब्रिटनमधलं सॅलड कसं लागतं ते मी तासभर सांगू शकतो, अमेरिकेतलं दीड तास. पण या एका प्रश्नाला आता मी खरंखरं आणि थोडक्यात उत्तर देतो.

"दाण्याच्या कुटासारखं. मीठ जरा जास्त झालं होतं. तेही माझंच!"