वहिनींची व्हॅन आणि ब्रेकचे दिवे

दादाचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यात भाजी घेत होतो. अर्धांगवायूनंतर जीभ अडखळते म्हणून तो फोनवर बोलायचं टाळतो, त्यामुळे त्याचा आवाज ऐकताच हातातली मेथीची जुडी मी खाली ठेवली. "ती गेली रे... झोपेतच. तू ये." डोंबिवलीला पोचलो तर इमारतीखाली वहिनींची जुनी व्हॅन उभी होती, आदल्याच दिवशी धुतलेली. त्याला महिना उलटला. अजूनही वहिनी आठवल्या की मला आधी हसू येतं, आणि मग त्या हसण्याचाच राग येतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्या लग्नाआधी मी त्यांच्या हातचं जेवलो आणि लग्नानंतरही, घरी शांतता नको असल्यासारखा, त्यांच्याच आमटीचं कौतुक करत राहिलो. दादाची डावी बाजू गेली तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गाडी चालवायला शिकल्या. हेतू एकच, दादाला घराबाहेर काढायचं. नौपाड्यात व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नियमित नेलं तर तो पुन्हा चालू लागेल, असं सगळे सांगत होते. पण दादा ऐकेल तर शपथ! चौघांनी उचलून रिक्षात बसवलेलं त्याला नको होतं. व्हॅनमध्ये बसला असता, पण तिचे ब्रेकचे दिवे सारखे बंद पडत. एकदा त्यापायी मागून टेम्पोने ठोकलं होतं, तेव्हापासून "आधी दिवे, मग मी" हा त्याचा हेका. दिवे दुरुस्त व्हायचे, महिन्याभरात पुन्हा जायचे, आणि दादाला घरात बसायला आयतं कारण मिळायचं. असा माणूस आतून विझत जातो, हे वहिनींना दिसत होतं. त्या ते बोलून दाखवत नसत, पण पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटायच्या.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने बल्ब बदलले, पेडलजवळचा स्विच बदलला, फ्यूज बदलला, सगळं एका दमात. वहिनींना ती पद्धतच पटेना. आमटी बिघडली तर त्या मीठ, गूळ आणि चिंच एकदम कधीच घालत नसत. एक घालायचं, चव बघायची, मग दुसरं. पुढच्या खेपेला त्यांनी नुसता फ्यूज बदलायला लावला आणि बाकी कशाला हात लावू दिला नाही. दिवे लागले. म्हणजे बल्बही चांगले आणि स्विचही चांगला, काहीतरी फ्यूज उडवत होतं. काय, ते मात्र कळेना. मी चिडवायचो, वहिनी, आता थोडं दाण्याचं कूट घालून बघा.

उलगडा झाला तो संकष्टीला. दर संकष्टीला वहिनी घरच्या देवांबरोबर गाडीतल्या गणपतीलाही अंघोळ घालायच्या. डॅशबोर्डवरची मूर्ती पाटासकट सोडवून वर न्यायची, दुधापाण्याने धुवायची, पुन्हा जागेवर बसवायची. मूर्तीपुढे एक छोटा लाल दिवा होता, दादानेच पूर्वी हौसेने बसवलेला, ब्रेक दाबला की देवापुढे उजेड पडावा म्हणून. त्याची तार पाटाखालून जाऊन ब्रेकच्या दिव्यांच्याच तारेला जोडलेली. त्या सकाळी पाट उचलता उचलता वहिनी थबकल्या. तार ताणली जात होती, तिच्यावरची चिकटपट्टी सुटली होती आणि उघडं तांबं आतल्या लोखंडी पट्टीला टेकत होतं. दर संकष्टीला पाट हलला की हेच व्हायचं, आणि त्यानंतर ब्रेक दाबला की फ्यूज जायचा. गाडी हलली की तार पुन्हा सुटी, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळं शहाण्यासारखं चालायचं. देवाच्या वस्तूला गॅरेजवाला हात लावत नव्हता आणि देवावर संशय घ्यायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

दादा रुसला. देवापुढचा दिवा तोडायचा नाही म्हणाला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मागच्या गाडीवाल्याला दिसलं की देवाला पोचलं. देव काही आपल्याला मागून ठोकत नाही."

तार काढली, नवा फ्यूज बसवला. ब्रेक दाबून बघायला मी पुढे सरसावलो, तर त्यांनी मला अडवलं. "भाऊजी, तुम्ही नका. मी मागे उभी राहते, ब्रेक ह्यांनी दाबायचा. दिवे ह्यांना हवे आहेत ना?" कुरकुरत, माझ्या खांद्यावर भार टाकत, कितीतरी महिन्यांनी दादा जिना उतरला. उजव्या पायाने त्याने ब्रेक दाबला आणि मागून वहिनींचा आवाज आला, लागले. मग प्रत्येक वेळी निघण्याआधी हाच शिरस्ता झाला. आधी दादा स्टिअरिंगपुढे बसणार, ब्रेक दाबणार, वहिनी मागून सांगणार, मग तो उठून पलीकडे बसणार. वर्षभरात तो काठी घेऊन एकटा जिना उतरू लागला. खूप नंतर वहिनींनी मला हसत सांगितलं की मागच्या भिंतीवर पडलेला लाल उजेड आरशात दिसतो, मागे कोणी उभं राहायची काही गरज नव्हती. "पण ह्यांना सांगू नका."

तेराव्यानंतर दादा घरातून हलला नाही. वहिनींची सगळी खटपट वाया जाणार, या विचाराने मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. मागच्या आठवड्यात गेलो, तर तो काठी घेऊन दाराशी उभा. दोघं खाली उतरलो. तो स्टिअरिंगपुढे बसला, मी मागे जाऊन उभा राहिलो. दिवे लागले... आणि मी भिंतीवरच्या लाल उजेडाकडे बघत राहिलो.

"अरे, सांग ना," दादा म्हणाला.

मी म्हणालो, "भिंतीवर उजेड पडलाय बघ, आरशात दिसेल तुला."

"तो मला पहिल्या दिवसापासून दिसतोय. तू सांग."

मी सांगितलं, लागले. दादा सावकाश उठून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, चल, नौपाड्याला.