मागच्या दारातून पाहिलेल्या कुंदाताई

प्रा. कुंदाताई वैरागडे यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या घराच्या मागच्या दाराशी झाली. पुढे दार होतं, घंटीही होती. पण आम्ही कोष्टी माणसं, कापड हातात घेतलं की आधी उलटं करून पाहतो. सुलटी बाजू कोणीही छान ठेवतं. घराचंही तसंच, असं माझं मत आहे. आमच्याकडे मुलगी द्यायची असली की घरातल्या म्हाताऱ्या बाया न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी जाऊन घर पाहून येतात. मी मुलगी द्यायला नव्हते गेले. नात द्यायला गेले होते, शिकायला.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मागावर कांड्या भरता भरता. म्हणून कुंदा मॅडमांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिही, असं नात प्रणाली म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही थट्टा करून राहिली. मग तिने कागद आणून ठेवले. आता लिहिते आहे, तर चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

प्रणाली भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए. झाली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "आजी, मले कुंदा मॅडमकडे पुढे शिकायचं आहे." काय शिकायचं, तर युरोपातल्या चार-पाचशे वर्षांमागच्या लोकांचं. त्यांची चर्चं, त्यांची पुस्तकं-गाणी, गावातल्या साध्या माणसांचं राहणं. आमच्या घरात युरोप कोणत्या दिशेला आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात सानगडीकडचं एक स्थळ सांगून आलेलं. शेती, धानाचा व्यापार, घरची गाडी. माझा मुलगा, प्रणालीचा बाप, म्हणाला, "आई म्हणन तसं." झालं, सगळं माझ्या डोक्यावर.

मला स्थळाबद्दल शंका नव्हती, मॅडमांबद्दल होती. बाई पन्नाशीच्या, लग्न केलेलं नाही, घरात म्हणे भिंतीवर चर्चचे फोटो. आपली पोरगी तिथे बसून उद्या काय होईल कोण जाणे! म्हणून चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन भंडाऱ्याला गेले. आधी शेजारणीला गाठलं. मॅडमांकडे कोण येतं, देवाला दिवा लावतात का, सगळं विचारलं. मग मागच्या दाराची कडी वाजवली.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या. मी प्रणालीची आजी, एवढंच सांगितलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि हसल्या.

"घर पाहाले आल्या ना आजी? या, पाहा. माझी आत्याही बपेऱ्यावरून अशीच मागून यायची, सगळे डबे उघडायची."

बपेऱ्याच्या, म्हणजे आमच्याच भागातल्या निघाल्या म्हटल्यावर मी जरा सैल झाले. पण डबे पाहिलेच. डाळीला जाळी धरली होती. देवापुढे दिवा होता. भिंतीवर चर्चचा फोटोही होता, मोठा.

"हे कायले लावलं?" मी विचारलं. "तुम्ही बाटल्या-बिटल्या तर नाही?"

"अवो आजी, ज्यांचं मी वाचते ते मरून चारशे वर्षं झाली. मले बाटवाले कोण उठून येते?"

मग जेवायला वाढता वाढता त्यांनी सांगितलं. त्या काळी तिकडे मोठ्या पाद्र्याची माणसं गावोगाव फिरत. गावात बसून एकेकाला विचारत, प्रार्थनेला कोण येत नाही, कोणाची बायको कोणाशी भांडते, रविवारी, देवाच्या दिवशी कोण नाचत बसतं. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाच-नाटक होतं, तशी त्यांच्या जत्रेत नाटकं होत, आणि ही माणसं त्यावरही नाक मुरडत. लोकांनी सांगितलं ते सगळं कागदावर उतरून ठेवलेलं. मॅडम तेच वाचतात.

"तुम्ही आता शेजारणीले विचारून आल्या ना? तसंच."

मी घास तसाच धरून बसले. "तुम्हाले कसं समजलं?"

"ती खिडकीतून पाहून राहिली न अजून!"

मी हसले, पण विचारायचं ते विचारलंच. "लोक तर खोटंही सांगत असतील. मग तुम्ही खरं कसं ओळखता?"

तेव्हा त्या जे बोलल्या, ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाल्या, "आजी, तीन माणसांनी तीन तऱ्हेनं सांगितलं, तर मी ऐकते. तिघांनी एकच गोष्ट, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं सांगितली, की मले शंका येते. कोणीतरी त्यांना बसवून शिकवलं असन."

मी घरी आले. भात मऊ होता, वरणात मीठ कमी होतं, एवढं प्रणालीला सांगितलं आणि अंथरुणावर पडले. पण डोक्यात ते फिरत राहिलं. सानगडीच्या स्थळाचं आम्हाला तिघांनी सांगितलं होतं. मध्यस्थ म्हणाला, "लग्नानंतर पोरगी पाहिजे तितकं शिकन, घरची गाडी कॉलेजच्या दारापर्यंत सोडन." नवऱ्या मुलाची मावशी म्हणाली, "पाहिजे तितकं शिकन, गाडी दारापर्यंत सोडन." बाजारातला किराणावाला, ज्याचा या घराशी संबंध नाही असं आम्हाला वाटत होतं, तोही म्हणाला, "गाडी दारापर्यंत सोडन." दार आणि गाडी तिघांच्याही तोंडी!

दुसऱ्या दिवशी सानगडीची बस धरली. नाव लिहीत नाही, प्रणालीने दटावलं आहे. मागच्या अंगणात त्या घरची मोठी सून वांगी चिरत होती. मी पाणी मागितलं, शेजारी बसले, एक वांगं मीही घेतलं. बोलता बोलता समजलं, तीही बी.ए. होती आणि पुढे शिकायचं म्हणूनच आलेली.

"मग काहून नाही शिकली वं?"

ती खाली पाहून म्हणाली, "मलेही गाडीचं सांगितलं होतं आजी. गाडी आहे न. धान घेऊन मार्केटले जाते."

मी पुढच्या दारी गेलेच नाही. घरी येऊन मुलाला म्हटलं, "पोरीचं नाव कुंदा मॅडमकडे घाल."

मॅडमांनी तिला कसं शिकवलं हे मोठी माणसं या ग्रंथात लिहितीलच. मला कळतं तेवढं सांगते. एकदा प्रणालीने लिहिलं, की अमक्या गावातली एक विणकरीण वाईट चालीची होती, सगळ्या शेजाऱ्यांनी तसं सांगितलं आहे. मॅडमांनी फोनवर विचारलं, "त्या शेजाऱ्यांचं तिच्याशी कशावरून बिनसलं होतं, ते पाहिलंस का?" पोरगी पुन्हा महिनाभर वाचत बसली. भांडण निघालं विहिरीच्या वाटेवरून! चारशे वर्षांमागची मेलेली बाई, तिला कोणी पाहिलं नाही. तिच्यावर आळ राहू नये म्हणून ही धडपड. त्या दिवशी मी मॅडमांना मनातून हात जोडले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही त्या आल्या. मी पट्टी बांधून पडलेली. रोज संध्याकाळी यायच्या आणि तिकडच्या जत्रेत सुट्या कागदांवर विकली जाणारी जुनी गाणी मराठीत करून सांगायच्या. हिला माझ्याकडून काय पाहिजे, असा मला संशय. शेवटी विचारलंच. त्या म्हणाल्या, "काही नाही आजी. मी पडून राहिली तर माझ्याकडे कोणी तरी यावं, म्हणून सवय लावून राहिली." मग मी त्यांना आणखी एक गाणं सांगायला लावलं.

आता प्रणाली स्वतः कॉलेजात शिकवते. सगळं चांगलं झालं. पण मला आणखी एक शंका आहे. या ग्रंथात सगळे लिहिणार, मॅडम थोर, मॅडम प्रेमळ, मॅडम विद्वान. सगळ्यांनी एकच सांगितलं, की मॅडम म्हणणार, यांना कोणीतरी बसवून शिकवलं! म्हणून मी माझी साक्ष वेगळी देते. कुंदाताई चहात साखर फार घालतात. भाजी करायचा कंटाळा करतात. डोळे दुखेपर्यंत त्या वाकड्या अक्षरांवर वाकून बसतात आणि फोनवर म्हणतात, "तब्येत अगदी छान आहे आजी." दर वेळी तेच वाक्य, त्याच शब्दांत. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

देवा, कुंदाताईंचे डोळे, गुडघे आणि हसणं शंभरी गाठेपर्यंत असंच ठेव. मलाही तोवर चालतं ठेव, कारण नव्या तांदळाची पिशवी घेऊन मी येणार आहे. कधी येणार ते सांगणार नाही. मागची कडी काढून ठेवावी.