मी स्वतः पाहिली आहे

अमळनेरच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली एक टायपिस्ट बसतात. शेतरस्त्याच्या दाव्यापायी तीन वर्षं त्यांच्याकडे जातोय, पण नाव कधी विचारलं नाही. आता लॅपटॉप आला, तरी टाइपरायटर असल्यासारखे दोन बोटांनी दणके देतात. शपथपत्र झालं की “वाचू का?” म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता मोठ्यानं वाचायला लागतात.

त्या दिवशी माझं आणि साक्षीदाराचं शपथपत्र द्यायची शेवटची तारीख होती. साक्षीदार म्हणजे शेतशेजारी नाना. त्यांचा मजकूर मी माझ्या शपथपत्रावरूनच उतरवून घेतला होता. आत पुकारा सुरू झाला. टायपिस्ट मात्र नानांचं शपथपत्र सावकाश वाचत होते. ‘या रस्त्याने बैलगाडी जाताना मी स्वतः पाहिली आहे.’ इथं थांबले.

“नाना, सोता देखेल शे का?”

“नही भाऊ, आयकेल शे.”

“राहू द्या हो,” मी म्हणालो, “सगळ्या गावाला माहीत आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ती ओळ काढून टाकली, नवा कागद नानांच्या हातात दिला. मग माझं शपथपत्र पुढे ओढलं.

“आता तुमचं वाचू का?”

तीच ओळ त्यातही होती. आणि तो रस्ता माझ्या जन्माआधीच बंद झाला होता.